असिंक्रोनसला मराठीत काय म्हणावं? (वाट पाहणे, खोळंबणे, ताटकळणे)

सर्व्हरवर तयार होऊन येणाऱ्या वेब-पानांत डेटा कसा भरायचा, यावर नव्यानं शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. उदाहरण नक्स्टमधलं (वेब-पानं बनवायची जावास्क्रिप्टमधली एक चौकट) घेतलंय: ग्रंथालयाच्या सूचीतलं एक पान, वर पुस्तकाची माहिती, खाली वाचकांचे अभिप्राय. माहिती चटकन येते, अभिप्राय सावकाश.

अडलं पहिल्याच वाक्यात. असिंक्रोनसला (उत्तर यायला वेळ लागला तरी बाकीची कामं न अडवता चालणारं) 'असमकालिक' लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, "ताई, म्हणजे वेगवेगळ्या काळातलं?" तिचं काय चुकलं? समकालीन लेखक म्हणतो तेव्हा आपल्याही मनात तेच असतं. पुढे 'अवेट'ला (उत्तर येईपर्यंत इथे थांब, असं सांगणारा कोडमधला शब्द) 'प्रतीक्षा कर' लिहिलं, तर सगळ्यांचा समज झाला की तेवढा वेळ सर्व्हर हात बांधून बसतो. हे साफ चूक. शब्द सुचवा. प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारी वस्तू), फॉलबॅक आणि हायड्रेशनसाठीही हवेत.

प्रतिसाद:
ताई, 'कालिक'च्या मागे जाऊच नका. इथे प्रश्न काळाचा नाही, कोण कशापायी अडकून पडतं याचा आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे नेमकी क्रियापदं आहेत. ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाहुण्यांची वाट पाहता पाहता भाजी निवडून होते, म्हणजे वाट पाहणाऱ्याचे हात मोकळे असतात. खोळंबतं ते काम, कारण पुढचं पाऊल दुसऱ्याच्या हाती असतं. लोकल बंद पडली की बातमीत 'प्रवाशांचा खोळंबा' असतो, 'प्रवाशांची प्रतीक्षा' नसते. आणि ताटकळणं पायांना कळतं. त्यात त्रास आहे.

आता तुमचं पान घ्या. अवेटपाशी कंपोनंट, म्हणजे पानाचा एक तुकडा, डेटाची वाट पाहतो. त्या फंक्शनची पुढची ओळ खोळंबते, सर्व्हर मात्र खोळंबत नाही: नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) इव्हेंट लूप, म्हणजे कामं एकामागून एक हाती घेणारं चक्र, तेवढ्यात दुसऱ्याची विनंती हाती घेतो. पण सगळा डेटा येईपर्यंत एचटीएमएल पाठवलंच नाही, तर पडद्यासमोरचा माणूस ताटकळतो. असिंक्रोनसला मी 'बिनखोळंबा' म्हणेन, बिनतक्रार आणि बिनबोभाटच्या चालीवर.

प्रतिसाद:
'बिनखोळंबा' आवडला. पण कोडमध्ये असिंक आणि अवेट ही अक्षरं तशीच राहणार. सी शार्पमध्ये ती २०१२ला आली, जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात २०१७ला. आता ती सगळ्यांच्या तोंडी आहेत. संज्ञा असिंकच ठेवा, समजावताना मराठी वापरा.

धागाकर्ती:
कंपोनंट, पुढची ओळ आणि वाचक या तिघांची तीन क्रियापदं वाचली आणि टिपणातला एक अख्खा परिच्छेद सुटला. माहितीला ३०० मिलिसेकंद आणि अभिप्रायांना ७०० लागतात असं धरू. दोन अवेट एकाखाली एक लिहिले तर दुसरी विनंती पहिलीपायी खोळंबते आणि पान १,००० मिलिसेकंदांनी निघतं. दोन्ही विनंत्या आधी सोडल्या आणि मग प्रॉमिस-ऑलवर एकत्र वाट पाहिली, तर साधारण ७००. दोन्ही वेळा सर्व्हर मोकळाच होता, वाचक मात्र पहिल्या वेळी ३०० मिलिसेकंद उगाच ताटकळला. 'प्रतीक्षा' या एका शब्दानं हे मला सांगताच येत नव्हतं.

प्रतिसाद:
प्रॉमिससाठी 'वायदा' घ्या. १९७६मध्ये फ्रीडमन आणि वाइज यांनी 'प्रॉमिस' मांडलं, १९७७मध्ये बेकर आणि ह्युइट यांनी जवळपास तीच कल्पना 'फ्यूचर' नावानं. आपल्या 'वायद्या'त दोन्ही अर्थ आहेतच, वायदे बाजार आठवा.

प्रतिसाद:
शब्द सुंदर आहे, पण इथे बसत नाही. वायद्याला मुदत असते, प्रॉमिसला नसते. शिवाय वायदा पुढे ढकलता येतो, आज नाही तर पुढच्या सोमवारी. प्रॉमिस एकदा पुरं झालं किंवा मोडलं की त्यात बदल नाही. असं एकदाच दिलं जाणारं, पाळलं किंवा मोडलं जाणारं ते वचन.

फॉलबॅकला 'तोवर' म्हणा. "जेवायला वेळ आहे, तोवर चहा घ्या", त्यातलं तोवर. नक्स्टसारखंच पानं बनवायला वापरतात त्या रिअ‍ॅक्टचं उदाहरण घ्या: १८व्या आवृत्तीपासून (मार्च २०२२) सर्व्हर सस्पेन्सच्या, म्हणजे सावकाश येणाऱ्या भागाभोवती घातलेल्या वेष्टनाच्या, जागी आधी तोवरचा मजकूर धाडतो, आणि खरा भाग तयार झाला की त्याच उत्तरात मागाहून सोडतो. सोबतची छोटी स्क्रिप्ट तो जागेवर बसवते. वाचक ताटकळत नाही.

प्रतिसाद:
हायड्रेशनचा शब्दशः अर्थ घेतला तर मटकी भिजत घातल्यासारखं वाटेल. सर्व्हरकडून आलेलं पान दिसायला पुरं असतं, पण बटण दाबलं तर काही होत नाही, कारण ब्राउझरमध्ये त्याला अजून कोड जोडला गेलेला नसतो. आपण तारेला जिवंत तार म्हणतो ना, तिच्यातून वीज वाहत असते म्हणून? तसं 'पान जिवंत होणं'.

धागाकर्ती:
हे घेतलं. वचन आणि तोवरसुद्धा. बिनखोळंबा समजावताना वापरते.

आता एक माझ्याकडून. पान जिवंत होताना कंपोनंटचा कोड ब्राउझरमध्ये पुन्हा चालतो. डेटा नुसत्या फेचनं (डेटा मागवणारं साधं फंक्शन) आणला असेल तर तीच विनंती दुसऱ्यांदा जाते. माझ्या पहिल्या प्रकल्पात हे मला फार उशिरा उमगलं. अभिप्राय दोनदा मागवले जात होते. नक्स्टचं 'यूज-असिंक-डेटा' वापरलं की सर्व्हरनं आणलेला डेटा पानासोबत बांधून येतो, ब्राउझर तोच उघडून वापरतो. त्या गाठोड्याला पेलोड म्हणतात. टिपणात मी त्याला 'शिदोरी' लिहिलंय. घरून बांधून दिलेली, वाटेत पुन्हा चूल मांडायला नको म्हणून. चालेल ना?