मदत हवी आहे : राउटरमधील कॅश आणि मार्गनिवड यांचा एकत्र विचार कसा करावा?

मी सोलापुरात संगणक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी नेम्ड डेटा नेटवर्किंगवर काम करत आहे. या रचनेत मागणी यंत्राच्या पत्त्याकडे न जाता मजकुराच्या नावाने पुढे सरकते, वाटेतील कोणत्याही राउटरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) प्रत असल्यास तिथूनच उत्तर मिळते आणि ते मागणी आलेल्या मार्गानेच परतते.

माझ्या नमुन्यात मूळ सर्व्हर पुण्यात असून सोलापूरहून तिथे जाण्यासाठी मोहोळ आणि बार्शी असे दोन मार्ग आहेत. दोन्ही ठिकाणच्या कॅशमध्ये एकेकच फाइल मावते. सारख्याच मागणीच्या दोन फाइल जवळच्या म्हणून मोहोळमार्गेच मागवल्या, तर एकीसाठी प्रत्येक वेळी पुण्यापर्यंत जावे लागते. मात्र दुसरी किंचित लांबच्या बार्शीमार्गे मागवली, तर दोन्ही वाटेतच मिळतात. म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग सर्वोत्तम असेलच असे नाही, आणि मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. आयोनिडिस आणि येह या संशोधकांनी तर नेहमी जवळचाच मार्ग निवडण्याचा तोटा कितीही मोठा होऊ शकतो, असे सिद्ध केले आहे.

कॅश आणि मार्ग यांची सर्वोत्तम जुळणी शोधणे एनपी-हार्ड (मोठ्या नेटवर्कसाठी व्यवहारात अशक्यप्राय) असल्याने त्यांची १ – १/ई हमीची, म्हणजे सर्वोत्तम बचतीच्या किमान सुमारे ६३ टक्के बचत देणारी पद्धत वापरायची आहे, परंतु तिच्या स्रोत-मार्गनिवडीच्या (सोर्स राउटिंग) रूपात मार्ग मागणी करणारा ठरवतो. प्रत्येक राउटरने स्वतःपुरत्या माहितीवर संभाव्यतेने पुढचा टप्पा निवडल्यास मागण्या चक्रात न अडकता ही हमी टिकवता येईल का? एनडीएनसिम या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये अशी फॉरवर्डिंग स्ट्रॅटेजी (मागणी पुढे पाठवण्याचा नियम) लिहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.