‘चाय’ मागितली, बाटली आली : एकच शब्द, अर्थ भलतेच. तुमचेही अनुभव लिहा

केतकी_डोंबिवली :
आज सासूबाईंची जुनी पर्स आवरताना आतल्या कप्प्यात एक चिटोरं सापडलं. त्यावर निळ्या पेनाने ‘आन चय’, व्हिएतनामी भाषेत. २०१९ला दा नांगला होतो. सकाळी आईंना चहा हवा, म्हणून मी काउंटरवर ‘चाय, चाय’ म्हणाले, तर मुलीने फ्रिजमधून पाण्याची बाटली दिली. पुन्हा म्हटलं, तर दुसरी! तिकडे चाय म्हणजे बाटली. चहाला ट्रा. मग आम्ही मांस-मासे खात नाही हे खुणांनी सांगितल्यावर तिनेच हा कागद लिहून दिला. ‘चय’, आखूड आ, म्हणजे शाकाहारी. तिथे फिश सॉस कशातही असतो. पुढचे सहा दिवस आई जेवायच्या आधी पर्स उघडून कागद पुढे करायच्या. वर्ष झालं त्यांना जाऊन.

मंदार_प :
चयच्या पाट्या शोधायच्या, बऱ्याचदा कमळ काढलेलं असतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक चय खातात, तेव्हा तिथे गर्दी. आणि सूर बदलला की तेच पळणं, जळणं, वाहणं! मी सायगॉनला दोन वर्षं होतो, सूर काही पक्के बसले नाहीत.

अनुराधा६४ :
अंडं असतं का त्यात? लेक डिसेंबरात जातेय

मंदार_प :
बौद्ध पद्धतीच्या ठिकाणी सहसा नाही काकू. कडक पाळणारे कांदा-लसूणही टाळतात, आपल्या चातुर्मासासारखं. तरी तिला ‘खोंग ट्रुंग’ पाठ करायला सांगा, अंडं नको.

सलोमी_आर :
आमच्याकडे हाच शब्द इंग्रजीत ‘चाय’सारखाच लिहितात, पण उच्चार घशातून, ‘खाय’. हिब्रूत जिवंत. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, ख ला ८, य ला १०, म्हणून लग्नात आहेर १८च्या पटीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजी रेवदंड्याची. गळ्यात त्या दोन अक्षरांचं पदक. नातवंडांनी विचारलं की म्हणायची, खाय म्हणजे जिवंत, आणि मराठीत खाय म्हटलं की जेवायला बस. दोन्ही एकच गो. इस्राएलमध्ये लोदला गेल्यावरही तिच्या बोलण्यातलं अलिबाग गेलं नाही.

नैरोबीकर :
स्वाहिलीत चाय चहाच, दूध घालून उकळलेला. पण रस्त्यात गाडी अडवून कोणी ‘चाय’ मागितली तर लाच. बाबा लहानपणी गाडीत पुढे बसवायचे, एकदा मी खरंच थर्मास पुढे केला होता!

मंदार_प :
आपलं चहापाणीच की. रशियनमध्ये ‘ना चाय’ म्हणजे वेटरची बक्षिशी, चहासाठी.

अनुराधा६४ :
तिथे थंडी असते का डिसेंबरात? स्वेटर द्यावा का

मंदार_प :
हनोईला हो, सायगॉनला नको.

विद्याताई :
केतकी, पर्सचं वाचून डोळे भरले गं. त्यांची भाजणी अजून माझ्या फ्रिजवर चिकटवलेली आहे. कुकर झाला, नंतर लिहिते.

केतकी_डोंबिवली :
ताई धणे किती घालायच्या त्या? माझ्याकडचा कागद हरवला.

विद्याताई :
एक वाटी. थांब, फोटोच टाकते. त्यांच्याच अक्षरात आहे.