डॅशहंडसाठी विमा घ्यावा का?

प्रश्न (पुणे)

नमस्कार. आमच्याकडे २ वर्षांची डॅशहंड मादी आहे. तिचे लसीकरण वेळेवर होते आणि महापालिकेचा परवानाही काढलेला आहे. मागील पावसाळ्यात गोचीड ताप आला होता. त्याखेरीज मोठे आजारपण नाही. एवढ्या लहान चणीच्या कुत्रीसाठी दरवर्षी विम्याचा हप्ता भरावा की तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

येथे चणीपेक्षा जात महत्त्वाची आहे. आखूड पायांना कारणीभूत असलेल्या आनुवंशिक दोषामुळेच डॅशहंडच्या मणक्यांमधील गाद्या लवकर कडक होतात आणि सरकतात. साधारण १९ ते २४ टक्के डॅशहंडना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, तोही बहुधा ३ ते ७ वर्षांच्या वयात. मागचे पाय लुळे पडले तर एमआरआय आणि शस्त्रक्रिया काही तासांत ठरवावी लागते, आणि त्या वेळी आवर्ती ठेव नुकतीच सुरू झालेली असेल तर तिचा फारसा आधार होत नाही. म्हणून मी विम्याच्या बाजूने आहे, मात्र पॉलिसीत मणक्याची शस्त्रक्रिया वगळलेली नाही, हे कंपनीकडून लेखी घेतल्यावरच.

उत्तर २

वरील मताशी मी अंशतः सहमत आहे. आपल्याकडील पॉलिसींमध्ये लसीकरण, जंतनाशक, दातांची सफाई, नसबंदी हे नेहमीचे खर्च सहसा मिळत नाहीत. प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस दावा करता येत नाही, आणि आधीचे आजार वगळले जातात. त्यामुळे गोचीड तापाचा उल्लेख प्रस्ताव अर्जात अवश्य करावा. तो दडवल्यास पुढे दावा नाकारला जाण्याची भीती राहते. लहान जातींमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार उतारवयात दिसतो, तेव्हा नूतनीकरण कोणत्या वयापर्यंत होते, हे आधी विचारावे, कारण नेमक्या गरजेच्या वर्षांत संरक्षण संपत असेल तर आधीच्या हप्त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. चोरी आणि मृत्यूची भरपाई देणारी जोड मला अनावश्यक वाटते. याउलट, कुत्री कोणाला चावल्यास द्यावी लागणारी भरपाई भरून देणारी जोड सोसायटीत राहणाऱ्यांनी जरूर घ्यावी.

उत्तर ३

नसबंदी झाली नसेल तर पशुवैद्यांशी आधी त्याविषयी बोला. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार त्याने टळतो. वजन आटोक्यात ठेवणे, सोफ्यावरून उड्या मारू न देणे आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरणे, हे उपाय मणक्यासाठी कोणत्याही पॉलिसीइतकेच मोलाचे आहेत. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार खासगीपेक्षा स्वस्त पडतात. मात्र लुळ्या पडलेल्या कुत्रीला पुण्याहून तिथवर नेण्यात मोलाचे तास जातात, म्हणून मणक्याची शस्त्रक्रिया जवळपास कोण करते, याची चौकशी आजच करून ठेवावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मणक्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आणि नूतनीकरणाच्या वयोमर्यादेबद्दल कंपनीला ईमेलने विचारत आहे. दोन्ही उत्तरे अनुकूल आली तरच पॉलिसी घेईन. आवर्ती ठेव मात्र या महिन्यापासूनच सुरू करतो.