नर्सिंगमध्ये एडीएन (असोसिएट डिग्री) वरून बीएसएन (बॅचलर डिग्री) केलं तर पगार खरंच वाढतो का, की नुसती वर्षं भरत राहायची?

निशिगंध_नाईटशिफ्ट
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, इथेच कम्युनिटी कॉलेजमधून एडीएन केलं, एनक्लेक्स (लायसन्सची परीक्षा) पास झाले आणि तेव्हापासून मेड-सर्जला (मेडिकल-सर्जिकल वॉर्डला) आहे, बहुतेक नाईट्सच. आता मॅनेजर सारखी मागे लागलीये की बीएसएन कर. पण आमच्याकडे नवीन बीएसएन झालेली मुलगी लागली तिचा तासाचा रेट माझ्यापेक्षा कमीच आहे, कारण माझी वर्षं जास्त. मग नोकरी, घर, मुलं सगळं सांभाळून रात्री जागून असाइनमेंट लिहायच्या कशासाठी? पेशंट तेच, औषधं तीच, परीक्षा तीच, लायसन्स पण तेच. पगार नक्की कशाने वाढतो, डिग्रीने की अनुभवाने? प्लीज खरं काय ते सांगा, कॉलेजच्या जाहिराती वाचून डोकं फिरलंय.

स्टेप_नऊ
ताई, तुमच्याकडे युनियन असेल तर आधी कॉन्ट्रॅक्ट उघडा, शेवटी पगाराचा तक्ता असतो. आमच्याकडे सुरुवातीला दरवर्षी एक स्टेप (तक्त्यातली पुढची पायरी) मिळते, मग दोन-तीन वर्षांनी एक, आणि पुढे एका ठिकाणी स्टेप संपतातच, त्यानंतर फक्त कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरलेली टक्केवारी. म्हणजे अनुभवाने वाढतो हे खरं पण कायम वाढत नाही. बीएसएनचं डिफरेन्शियल (मूळ रेटवर मिळणारे जादा पैसे) वेगळं, आणि ते खूप ठिकाणी तासाला डॉलर-दोन डॉलरच असतं. हिशोब करून बघा, आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट धरल्या तर ३६ तास, गुणिले ५२ आठवडे, म्हणजे तासाला १ डॉलर वाढला की वर्षाला १,८७२ डॉलर, तेही टॅक्सच्या आधी. आता नाईटचं डिफरेन्शियल समजा तासाला ५ डॉलर आहे, तर तेच ९,३६० होतात. बेडसाइडलाच (वॉर्डात पेशंटजवळच्या कामात) राहणार असाल तर डिग्रीपेक्षा नाईट, वीकेंड, चार्ज नर्स (शिफ्टची प्रमुख) याचेच पैसे जास्त हातात येतात हो.

केसमॅनेजर_मावशी
वरचा हिशोब बरोबर आहे पण अर्धाच आहे. डिग्रीने त्याच खुर्चीतला पगार फारसा हलत नाही, कोणत्या खुर्चीत बसता येईल ते मात्र डिग्रीच ठरवते! सरकारी बीएलएसचे (कामगार आकडेवारी खात्याचे) मे २०२४ चे आकडे बघ, आरएनचा मिडियन (मधोमधचा) पगार वर्षाला ९३,६०० डॉलर, सगळ्यात खालच्या दहा टक्क्यांना ६६,०३० च्या आत आणि वरच्या दहा टक्क्यांना १,३५,३२० च्या वर. (यात राज्याचा फरक फार मोठा आहे, कॅलिफोर्निया कायम वर, त्यामुळे सगळं शिक्षण-अनुभवावर टाकू नकोस.) आता त्याच वर्षीचे पुढचे आकडे, नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः तपासून औषधं लिहून देणारी नर्स) १,२९,२१० आणि नर्स ॲनेस्थेटिस्ट (भूल देणारी नर्स) २,२३,२१०. त्या वाटेला जायचं तर एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स) किंवा त्याच्याही पुढे शिकावं लागतं, ॲनेस्थेटिस्टला तर आता नव्याने पास होणाऱ्यांना डॉक्टरेटच लागते, आणि हे सगळं बहुतेकींसाठी बीएसएन पासूनच सुरू होतं. मी स्वतः केस मॅनेजमेंटला (पेशंटच्या उपचारांचं आणि डिस्चार्जचं नियोजन) आले ते बीएसएन झाल्यावरच, जाहिरातीत स्पष्ट अट होती. पाठ आणि गुडघे वाचले हा फायदा तर पगाराच्या स्लिपवर दिसतच नाही.

आणि "पेशंट तेच" म्हणतेस ना, त्यावर अभ्यास झालाय. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटल्सचा डेटा छापला, सर्जरीच्या पेशंटचा. बॅचलर झालेल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे तीस दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी दिसली. याचा अर्थ एडीएनवाली नर्स कमी असा अजिबात नाही, माझ्या सगळ्यात हुशार सहकारी एडीएनच होत्या. पण हॉस्पिटल्स बीएसएनच्या मागे का लागली ते यातून कळतं. २०१० च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या रिपोर्टने तर २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात असंच म्हटलं होतं, आणि न्यूयॉर्कने २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या आरएननी दहा वर्षांत बीएसएन करायचं.

घाटावरची_आयसीयू
मी बिनयुनियनच्या हॉस्पिटलमधली, त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. आमच्याकडे तक्ता वगैरे काही दाखवत नाहीत. जुन्यांना दरवर्षी दोन-तीन टक्के, आणि बाहेरून नवीन माणूस घेताना मात्र बाजारभावाने, त्यामुळे कधी कधी ज्या मुलीला आपण शिकवतो तिचा रेट आपल्याला टेकलेला असतो. वाईट वाटतं हो, खूप वाईट वाटतं. अशा ठिकाणी अनुभवाचे पैसे करायचे तर दुसरीकडे ऑफर घेऊन यावी लागते नाहीतर मॅनेजरकडे मार्केट ॲडजस्टमेंट (बाजारभावाप्रमाणे पगारवाढ) मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही.

अजून एक, सगळी वर्षं सारखी मोजत नाहीत. हॉस्पिटलची वर्षं पूर्ण धरतात, क्लिनिक किंवा नर्सिंग होमची काही जण अर्धी धरतात, आणि भारतातल्या वर्षांचं तर ज्याच्या त्याच्या पॉलिसीवर. माझ्या मैत्रिणीला आधी शून्य वर्षं लावली होती. मग तिने तिथल्या मेट्रनकडून लेटरहेडवर पत्र आणलं, कोणत्या युनिटला, किती बेडचं आयसीयू, व्हेंटिलेटरचे पेशंट किती, फुल टाइम की कसं, सगळं लिहून. तेव्हा कुठे स्टेप वाढवून दिली. ऑफर लेटरवर सही करायच्या आधी हे करायचं, नंतर कोणी ऐकत नाही.

निशिगंध_नाईटशिफ्ट
बापरे, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मावशी, तुमचं पाठ-गुडघ्याचं अगदी पटलं, मला अजून बरीच वर्षं काम करायचंय आणि एवढी वर्षं नाईट्स झेपणार नाहीत. पण फी? हॉस्पिटल देतं म्हणतात, त्यात काही मेख असते का?

केसमॅनेजर_मावशी
असते ना. एम्प्लॉयरने दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे शिक्षणाचे पैसे टॅक्स-फ्री असतात म्हणून बरीच हॉस्पिटल्स साधारण तेवढेच देतात. पण आधी फी आपण भरायची, ग्रेड आली की परत मिळणार, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतर एक-दोन वर्षं तिथेच राहायची अट, सोडलंस तर परत कर. म्हणून वर सांगितलेली दुसरीकडची ऑफर घ्यायचा विचार असेल तर तो आधी कर, कोर्स मागून. आणि तोपर्यंत मेड-सर्जचं सर्टिफिकेशन बघ, दोन वर्षं आणि मागच्या तीन वर्षांत २,००० तास एवढी अट आहे, ती तुझी कधीच झाली असेल, काही हॉस्पिटल्स त्याचे पण तासाला पैसे देतात. ॲडमिशन घ्यायच्या आधी एचआरला ईमेलवर विचार की डिफरेन्शियल किती आणि कधीपासून लागणार, डिग्री मिळाल्याच्या तारखेपासून की ट्रान्सक्रिप्ट जमा केल्यापासून. तोंडी उत्तर घेऊ नकोस.