टू-स्टेज फर्नेस दर वेळी १० मिनिटांनी मोठ्या आचेवर जाते. थर्मोस्टॅट बदलू का?

कराडची_लेक (मिनीआपोलिसजवळ)

नोव्हेंबरात आमची २४ वर्षांची फर्नेस (गॅसवर घर तापवणारं यंत्र) गेली. नवी टू-स्टेज, म्हणजे मंद आणि मोठी अशा दोन आचांची, बसवली: तासाला १,००,००० बीटीयू (उष्णतेचं माप), ९६ टक्के एफिशियन्सी, मंद आच ६५ टक्के. बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, "बहुतेक वेळ मंद आचेवरच चालेल, आवाजसुद्धा कळणार नाही." थर्मोस्टॅट (तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणारा, भिंतीवरचा) मात्र जुनाच ठेवला, बॅटरीवर चालणारा.

तीन रात्री बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून, घड्याळ घेऊन बसले. आधी धूर बाहेर ढकलणाऱ्या छोट्या पंख्याची घरघर, मग इग्नायटर लालबुंद होतो, ज्योत पेटते आणि थोड्या वेळाने गरम हवा घरभर सोडणारा ब्लोअर लागतो. इथवर सगळं शांत. बरोबर दहाव्या मिनिटाला 'खट्' होतं, ज्योत भडकते, ब्लोअर जोरात सुटतो आणि चार मिनिटांत सगळं बंद. बाहेर १५ फॅरनहाइट असो की उणे ८, ते 'खट्' काही चुकत नाही.

माझी आई कराडहून सहा महिन्यांसाठी आली आहे. वय ७४. झोपते गराजवरच्या खोलीत, व्हेंट तिच्या उशाशीच. एकदम गरम झोत येतो, मग खोली गार पडते. रात्रभर ती शाल काढते, पांघरते. सकाळी म्हणाली, "कुणीतरी सारखं दार उघडझाक करतंय असं वाटतं गं." तेव्हापासून मला चैन नाही.

थर्मोस्टॅट उघडून पाहिला. आर (वीज आणणारी), डब्ल्यू (उष्णता), वाय (एसी), जी (पंखा) अशा चारच वायर जोडलेल्या आहेत. रात्री ६४ वर ठेवतो, पहाटे साडेपाचला ७०. बसवणाऱ्यांना दोनदा फोन केला, "ती तशीच चालते" एवढंच उत्तर मिळालं. नवा थर्मोस्टॅट घेतला तर वायर कुठून आणायची? भिंत फोडायची तयारी नाही.

पाना_पक्कड (कॅलगरी)

ताई, तुमची फर्नेस बिघडलेली नाही. ती तुमच्या घराकडे न बघता घड्याळाकडे बघून चालते आहे, एवढंच. मी बारा वर्षं हेच काम करतो आणि अशी घरं दर हिवाळ्यात बघतो.

डब्ल्यूची एकच वायर असेल तर थर्मोस्टॅट फक्त "उष्णता हवी" किंवा "नको" इतकंच सांगू शकतो. किती हवी, हे सांगायला त्याच्याकडे दुसरी वायर नाही. मग फर्नेसमधला कंट्रोल बोर्ड आपला अंदाज चालवतो: पेटल्यापासून ठरावीक मिनिटांत थर्मोस्टॅटचं "उष्णता हवी" संपलं नाही, तर मोठी आच. ही मिनिटं बोर्डावरच्या बारीक डिपस्विचनी ठरतात. काही बोर्डांत १० किंवा २० मिनिटं असतात, काहींत आधीच्या फेऱ्या किती चालल्या ते बघून आपोआप ठरवायची सोय असते. तुमच्या मॉडेलचा तक्ता फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. दुसऱ्या कुठल्या मॉडेलचा फोटो बघून स्विच हलवू नका.

खरा उपाय डब्ल्यू१ (मंद आच) आणि डब्ल्यू२ (मोठी आच) या दोन वेगळ्या वायरी. दोन स्टेजचा थर्मोस्टॅट आधी डब्ल्यू१ला वीज देतो. तापमान मागेच पडत राहिलं तरच डब्ल्यू२लाही देतो. तेव्हा बोर्डावरचा टायमर बंद करायचा, नाहीतर दोघंही निर्णय घेत बसतात.

वायरीचं म्हणाल तर भिंतीतल्या केबलचं वरचं आवरण थोडं मागे सरकवून बघा. पुष्कळदा पाच तारांची केबल टाकलेली असते आणि चारच जोडतात. पाचवी तिथेच गुंडाळून ठेवलेली सापडते, फर्नेसच्या टोकालाही तशीच.

हात घालण्याआधी फर्नेसच्या बाजूचा दिव्याच्या बटणासारखा स्विच बंद करा. या वायरी २४ व्होल्टच्या, शॉक बसत नाही, पण आर आणि सी (वीज परत नेणारी) एकमेकींना लागल्या की बोर्डावरचा छोटा फ्यूज उडतो, गाडीत असतो तसलाच. गॅस व्हॉल्व्हला मात्र अजिबात हात लावू नका. त्याचा दाब मॅनोमीटर लावूनच बघायचा असतो, आणि तो ज्याचं काम आहे त्यानेच.

शिकागोचा_वारा

वरचं सगळं पटलं, एक भर घालतो. वाय-फायचा थर्मोस्टॅट घ्यायच्या मोहात पडू नका. त्याला बहुधा सी वायर लागते, म्हणजे तुमची पाचवी तार त्यातच जाईल आणि डब्ल्यू२ परत राहील. आमच्याकडे नेमकं हेच झालं. शेवटी भिंतीतून नवी केबल ओढावी लागली. दोन स्टेजचा, बॅटरीवर चालणारा साधा थर्मोस्टॅट मिळतो, तोच घ्या.

आणि रात्री ६४ कशाला? सहा अंश खाली आणायचं आणि पहाटे पुन्हा तेवढं चढवायचं, यात वाचलेला गॅस परत जळतोच ना?

पाना_पक्कड

नाही, तसं होत नाही. घर जितका वेळ गार असतं, तितका वेळ बाहेर जाणारी उष्णता कमी असते, म्हणून बचत खरीच होते. अमेरिकेचं ऊर्जा खातंही सांगतं की रोज आठ तास ७ ते १० अंश खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत खर्च वाचू शकतो.

पण ताईंचा प्रश्न पैशांचा नाही, झोपेचा आहे. पहाटे एकदम सहा अंश मागितले तर कुठलाही थर्मोस्टॅट मोठी आच लावणारच. उणे तापमानाच्या देशात, गराजवर झोपणाऱ्या ७४ वर्षांच्या माणसासाठी मी दोन अंशांपेक्षा जास्त उतरवणार नाही. थर्मोस्टॅटमध्ये वेळेआधी हळूहळू तापवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. त्यात ताशी फेऱ्यांची (तासाला किती वेळा चालू-बंद व्हायचं याची) सेटिंग असेल तर अशा ९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेसला सहसा ३ ठेवतात. जुन्या, कमी एफिशियन्सीच्या फर्नेसची ५ असते. तीच राहिली असेल तर चालू-बंद जास्त होईल.

दोन्ही आचांवर गॅस हवा तेवढाच जळतो याची खात्री करायची असेल तर गॅस मीटर मोजा. पाणी तापवायची टाकी आणि शेगडी बंद ठेवा. नैसर्गिक वायूचे घनफुटाला साधारण १,०३० बीटीयू धरले, तर मीटरवरच्या दोन घनफुटांच्या तबकडीचा एक फेरा मोठ्या आचेवर ७४ सेकंदांत आणि मंद आचेवर ११४ सेकंदांत व्हायला हवा.

कराडची_लेक

निळी तार सापडली! केबलच्या आवरणाभोवती गुंडाळलेली होती, खाली बोर्डाजवळही तशीच. २४ वर्षं ती तिथे पडून होती आणि बसवणाऱ्यांनी एकदाही मागे वाकून बघितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शनिवारी स्विच बंद करून दोन स्टेजचा साधा थर्मोस्टॅट बसवला आणि निळी तार दोन्हीकडे डब्ल्यू२ला जोडली. दाराच्या आतला तक्ता तीनदा वाचला आणि टायमरचा डिपस्विच 'टू-स्टेज थर्मोस्टॅट'च्या जागेवर नेला. ताशी फेऱ्या ५ होत्या, ३ केल्या. रात्रीचं तापमान ६८.

मग बर्फात उभं राहून मीटर मोजला. मंद आचेवर ११३ सेकंद. थर्मोस्टॅट मुद्दाम पाच अंश वर नेला, मोठी आच लागली आणि ७४.

मंगळवारी रात्री परत उणे ८ झालं. पुन्हा खुर्ची टाकून बसले. तासाला साधारण ४० मिनिटं फर्नेस मंद आचेवर चालली, मोठी आच एकदाही नाही. हिशोब केला: मंद आचेवर ६५,००० चे ९६ टक्के म्हणजे ६२,४०० बीटीयू, त्याचे दोन तृतीयांश ४१,६००. म्हणजे इतक्या थंडीतही आमच्या घराला तासाला एवढंच लागतं आणि आमच्या गळ्यात ९६,००० देणारी फर्नेस मारली. घराचं गणित न करता जुनीच्या पाटीवरचा आकडा बघून नवी आणली, हे आता कळतंय. कुणी नवी घेत असेल तर कोटेशन घेण्याआधी घराला किती उष्णता लागते ते काढून मागा, उत्तर टाळलं तर दुसऱ्याला बोलवा.

गराजवरची खोली अजूनही बाकीच्या घरापेक्षा दोन अंश गार आहे, पूर्वी पाच होती. बुधवारी आई सात वाजेपर्यंत झोपली. उठल्यावर विचारलं तर म्हणाली, "यंत्र बंद होतं का रात्री?"

पाना_पक्कड दादा, तुमचे फार आभार. दाराच्या आत पांढरी टेप लावून त्यावर मार्करने लिहून ठेवलंय: "निळी = डब्ल्यू२. टायमर बंद." पुढच्या वेळी जो कोणी ते दार उघडेल त्याच्यासाठी.