मेरी ट्यूडर आणि तिच्या आईची छाया
इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर हिची कॅथलिक निष्ठा आणि स्पेनकडील ओढ ही तिचा पती, स्पेनचा राजपुत्र फिलिप, याची देणगी होती, असे एक मत मांडले जाते. मला ते कालक्रमाशी जुळत नाही असे वाटते. फिलिपशी विवाह 1554 मध्ये झाला, पण त्याआधी कितीतरी वर्षे आई कॅथरिन ऑफ ॲरागॉनने मुलीच्या मनाची घडण केली होती. स्पॅनिश विद्वान व्हिव्हेस याच्याकडून मुलींच्या शिक्षणावर ग्रंथ लिहून घेणारी कॅथरिन स्वतः कॅस्टिलची राणी इसाबेला हिची कन्या होती, त्यामुळे स्त्रीने स्वतःच्या अधिकाराने राज्य करणे ही तिच्या दृष्टीने अशक्य कोटीतील गोष्ट नव्हती. 1513 मध्ये तिचा पती आणि मेरीचा पिता, राजा आठवा हेन्री, फ्रान्समध्ये असताना तिने इंग्लंडचा कारभारही सांभाळला होता.

पुढे हेन्रीने कॅथरिनला दूर केले, 1531 मध्ये मायलेकींची ताटातूट झाली आणि 1536 मध्ये कॅथरिनच्या मृत्यूपर्यंत त्यांची भेट होऊ दिली गेली नाही. ही जखम किती खोल असावी, हे 1553 मध्ये दिसते, कारण मेरीने सत्तेवर येताच पहिल्याच संसदेत आईचा रद्द ठरवला गेलेला विवाह वैध ठरवणारा कायदा करून घेतला. तिच्या राजचिन्हात ट्यूडर गुलाबासोबत आईचे बोधचिन्ह असलेले डाळिंबही होते. पुढे प्रॉटेस्टंटांना जाळण्याच्या शिक्षांचे ओझे मात्र आईवर टाकता येणार नाही. तो निर्णय मेरीचा आणि तिच्या सल्लागारांचा होता. मृत्युपत्रात तिने पीटरबरोहून आईचे अवशेष आणून आपल्याजवळ दफन करावेत अशी इच्छा लिहिली होती, परंतु ती कधीच पूर्ण झाली नाही.