पहिलं वर्षभर फक्त मजकूर मांडायला लावावा का?

(शिरोरेघ, मुक्तछंद, प्रूफवाली आणि जुळणीघर ही या चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

शिरोरेघ:
डिझाइनच्या विद्यार्थ्यांना अक्षरमांडणी शिकवताना बहुतेक वेळा सुरुवात पोस्टरपासून होते. मुलं भरपूर फॉन्ट उतरवून घेतात, शीर्षक तिरकं करतात, एखादं अक्षर पानाबाहेर काढतात. भिंतीवर ते उठूनही दिसतं. पण त्याच मुलांच्या हाती चाळीस पानांचा सलग मजकूर दिला की गाडी अडते. ओळ किती लांब ठेवायची? आतला समास बाहेरच्यापेक्षा किती कमी? परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेली तर काय करायचं? यातलं काही त्यांच्या हाताखालून गेलेलंच नसतं.

माझं म्हणणं असं की पहिलं वर्ष फक्त मजकूर द्यावा. एक फॉन्ट, एक आकार, काळा रंग, चित्र नाही. शीर्षक वेगळं दाखवायचं तर जागा सोडून दाखवा. इतर सगळी साधनं काढून घेतली की नजर मोकळ्या जागेकडे वळते, आणि पानाची मांडणी म्हणजे मुख्यतः मोकळ्या जागेचं काम आहे. १० पॉइंटचा मजकूर एकदा १३ च्या लीडिंगवर (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतच्या अंतरावर) लावा, एकदा १५ च्या. छापून शेजारी ठेवा. फरक २ पॉइंटचा, म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर, पण अख्ख्या पानाचा करडेपणा, म्हणजे मजकूर दुरून किती गडद दिसतो ते, बदलतो. हे पडद्यावर मोठं करून बघताना कळत नाही, कागदावरच कळतं.

मुक्तछंद:
पूर्ण असहमत. मुलं या विषयाकडे येतात ती अक्षराच्या रूपावर जीव जडतो म्हणून. ते रूप वर्षभर हाताळायचंच नाही, तर शिकण्याची ओढ कुठून टिकणार? शिवाय पोस्टरमध्येही शिस्त असते. दुरून काय दिसावं, जवळ आल्यावर काय वाचावं, नजर कुठून कुठे जावी, हे सगळं त्यात शिकता येतं.

आणि ठरलेलं पान आता उरलंय कुठे? २०१० च्या सुमारास पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारी मांडणी रूढ होऊ लागली. आज वाचक अक्षर मोठं करतो, फोन आडवा धरतो. वेबवरच्या सुलभतेचे निकष सांगतात की वाचकाने ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट केलं तरी मजकूर कापला जाता कामा नये. अशा जगासाठी तयार होणाऱ्या विद्यार्थ्याला ०.७ मिलिमीटर मोजायला लावून काय साधणार?

शिरोरेघ:
मांडणी वाहती झाली तर प्रमाणांची जाण जास्तच लागते. रुंदी बदलली की ओळीची लांबी बदलते, आणि लांब ओळीला अंतरही जास्त लागतं. हा संबंध ज्याने कागदावर हाताने जुळवून पाहिलाय, त्यालाच ओळीची कमाल लांबी बांधून घेण्याचं सुचतं. नाहीतर मोठ्या पडद्यावर ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते आणि वाचक परत येताना भलतीच ओळ पकडतो.

प्रूफवाली:
माझा आक्षेप दोघांवरही आहे. हे सराव नेमके कोणत्या लिपीतून करून घेणार? वर्गात सांगितले जाणारे बरेचसे नियम रोमन अक्षरांवरून आलेले आहेत आणि आपली मुलं ते जसेच्या तसे देवनागरीला लावतात.

ओळीचंच घ्या. ४५ ते ७५ अक्षरं असावीत, ६६ उत्तम, असं सांगतात. देवनागरीत मोजणार काय? उकार खाली जातो, मात्रा वर, रफार डोक्यावर. त्यांना आडवी जागा जवळजवळ लागतच नाही. 'र्थी' मध्ये संगणकाच्या लेखी चार चिन्हं आहेत, ओळीत जागा मात्र एका अक्षराची आणि काण्याची. इथे शब्द मोजणं जास्त उपयोगाचं.

लीडिंगचंही तेच. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येणारं अंतर अक्षराच्या आकाराच्या साधारण १२० टक्के असतं. त्यावर वरच्या ओळीतला 'द्धू' आणि खालच्या ओळीतला 'र्कीं' एकमेकांना भिडायला येतात. शीर्षकाची अक्षरं विरळ करायला ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं तर बहुतेक फॉन्टमध्ये शिरोरेघच तुटते, आणि तुटलेल्या शिरोरेघेचे फलक जागोजागी दिसतात. मोठी लिपी, छोटी लिपी असा भेद आपल्याकडे नाही. इटालिकची, म्हणजे भर देण्यासाठी वेगळ्या घडवलेल्या तिरक्या अक्षरांची, परंपरा नाही, सॉफ्टवेअर नुसतं अक्षर ढकलून तिरकं करतं आणि अक्षरांचे उभे दंड पडायला आल्यासारखे दिसतात. मग भर द्यायचा कसा? याचं उत्तर विद्यार्थ्याने स्वतः शोधायला हवं. तयार नियम पाठ करून ते मिळणार नाही.

म्हणून वर्षभर मजकूर द्यायचा असेल तर जरूर द्या, पण दोन लिप्यांतून द्या. दोन्ही शेजारी लावल्या की कुठला नियम नजरेच्या गरजेतून आला आणि कुठला फक्त एका लिपीच्या घडणीतून, हे आपसूक दिसतं.

मुक्तछंद:
हे पटलं. पण मग नियम आधी शिकवण्याला काय अर्थ? जर्मन अक्षरमांडणीकार यान चिखोल्टचंच उदाहरण घ्या. १९२८ मध्ये त्याने असममित मांडणीचा आणि साध्या, बिनसेरिफ (टोकांना छोट्या आडव्या रेघा नसलेल्या) अक्षरांचा जाहीरनामाच मांडला. पुढे १९४७ ते ४९ मध्ये पेंग्विन प्रकाशनाच्या पुस्तकांना शिस्त लावताना तोच मध्यावर तोललेल्या, पारंपरिक मांडणीकडे वळलेला होता. काम बदललं तसे त्याचे नियम बदलले.

जुळणीघर:
त्याच चिखोल्टचं शिक्षण सुलेखनातून झालं होतं, वडील पाट्या रंगवायचे. अक्षर आधीच हातात मुरलेलं होतं. बंड केलं ते त्यानंतर.

ग्रिडबद्दल, म्हणजे पानावर आखलेल्या स्तंभांच्या चौकटीबद्दल, कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रिकाम्या पानावर बारा स्तंभ आखून मग मजकूर कोंबायचा, ही सवय वाईट. आधी मजकूर वाचा. संवाद आहेत, तळटिपा आहेत, कोष्टकं आहेत? त्यावरून अक्षराचा आकार, आकारावरून ओळ, ओळीवरून स्तंभ. आम्ही छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचो तेव्हा दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी सरकवावी लागे, त्यामुळे मोकळ्या जागेलाही वजन असतं हे बोटांना कळायचं. १९८५ मध्ये संगणकावर पानं मांडायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आल्यानंतर तो स्पर्श गेला. तो परत आणा असं मी म्हणत नाही, पण छापून, पट्टीने मोजून पाहण्याची सवय तरी हवी.

शिरोरेघ:
प्रूफवालींची दोन लिप्यांची सूचना मी माझ्या मतात घेतो. मुदतीवर मात्र ठाम आहे. सहा आठवड्यांत नजर तयार होत नाही.

मुक्तछंद:
आणि मी याच्यावर ठाम की दर मजकुराच्या सरावाबरोबर त्याच मजकुराचं एक पोस्टरही करून घ्यावं. तोच परिच्छेद, तोच फॉन्ट, फक्त वाचणारा पंधरा फुटांवर उभा.

प्रूफवाली:
चालेल, पण मजकूर खराखुरा, जोडाक्षरांनी भरलेला द्या. अर्थहीन भरतीचा मजकूर ओतला तर मुलं वाचतच नाहीत, आणि न वाचलेल्या मजकुराची ओळ कुठे तोडावी हे कुणालाच ठरवता येत नाही.